रायलीच्या निबंधातली पुढची ओळ

फाल्गुन लागला की आमच्या गावात दोन गोष्टी एकदमच येतात. दहावीची परीक्षा आणि डोंगराकडे जाणारे ढोल. शाळेभोवतीची झेरॉक्सची दुकानं शटर ओढून बसतात, फाटकाशी एक कंटाळलेला होमगार्ड खुर्ची टाकतो, आणि पेपर ऐन भरात असताना बाहेरच्या रस्त्यावरून टेंपो जातो. टेंपोत वीस-पंचवीस माणसं उभी, मधोमध माणसाच्या कमरेएवढा ढोल. चढावर गाडी मंदावली की कुणाला तरी राहवत नाही आणि तो एक थाप मारतो. वर्गातल्या सगळ्या माना वर होतात. मग पर्यवेक्षक खाकरतो आणि माना खाली जातात.

मी तीसेक वर्षं तो खाकरणारा माणूस होतो. मराठी शिकवायचो, शेवटी मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. आता वय सत्तर. घर त्याच रस्त्यावर आहे, म्हणून टेंपो अजूनही माझ्या ओट्यावरून दिसतात. फाल्गुनातलं ऊन भिंतीवर चढत असतं, शेतांतून दादर ज्वारी कापून झालेली असते, वाऱ्याला वाळल्या कडब्याचा वास असतो. हे सगळं मी पूर्वी एकदा फार छान लिहिलं होतं. सुरुवात पळसाने केली होती. या वेळी पळसाला हात लावणार नाही. फुललाय, फुलू दे.

यंदा पहिला टेंपो गेला त्याच दिवशी प्रवीण आला. प्रवीण माझा विद्यार्थी. गावात त्याचं मंगल कार्यालय आहे आणि तालुक्यातला कुठलाही सोहळा त्याच्याशिवाय उभा राहत नाही. पाया पडला, खुर्ची ओढून बसला आणि पिशवीतून एक गुळगुळीत पत्रक काढलं.

"सर, यंदा भोंगऱ्या महोत्सव करतोय. स्टेज, साउंड, ड्रोन, बठ्ठं शे. आन् प्रमुख पाहुणा म्हणून पह्यलं नाव तुम्हनंच सुचनं."

पत्रकावर नाचणाऱ्या मुलींचा फोटो होता. वर मोठ्या अक्षरांत 'सातपुड्यातला प्रेमाचा बाजार'. खाली, तिरप्या अक्षरांत, अवतरणचिन्हांत दोन वाक्यं आणि त्यांच्याखाली माझं नाव. 'ढोल वाजला की पावरा तरुणी पळून जातात. गालावरचा गुलाल हाच त्यांचा होकार.'

"हे कुठे मिळालं तुला?"

"नेटवर बठ्ठीकडे शे, सर. लोके तुम्हनं नाव न टाकता वापरतस. आम्ही नाव टाकं." माझा हक्क मला मिळवून दिल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

दारात आमच्या सौभाग्यवती, कुसुम, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. प्रवीण गेल्यावर तेवढं म्हणाल्या, "तुम्ही लिखं नि मोकळा व्हई ग्यात. भोगनं पडनं ती पोरले." तीस वर्षांत त्या हे वाक्य पहिल्यांदा बोलल्या असंही नाही. दर फाल्गुनात एकदा म्हणतात. मी दर फाल्गुनात उठून आत जातो. यंदा बसून राहिलो.

ज्यांनी डोंगर पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. भोंगऱ्या म्हणजे होळीच्या आधीच्या आठवड्यातला आठवडी बाजार. पायथ्याच्या एकेका गावात एकेक दिवस भरतो. सातपुड्यातली पावरा आदिवासी माणसं पाड्यांवरून उतरतात आणि होळीचं सामान घेतात. दाळ्या, गूळ, खजूर, नारळ, साखरेचे हार. लेकी-सुना माहेरच्यांना भेटतात, भाऊबंद एकमेकांच्या बाजाराला जातात, ढोल आणि बासरी वाजते, एकेका पाड्याच्या बाया एकाच रंगाचे कपडे शिवून येतात आणि गोल धरून नाचतात. एवढंच. यात लग्न नाही. उलट होळीचा दांडा रोवला की पावरा घरांत सोयरिकीचं बोलणंसुद्धा थांबतं. एरवी मुलगी मागायची तर मुलाकडच्यांनी मुलीच्या दारात जायचं, पंच बसायचे, मग दिवसभर बोलणी चालायची. आपल्याकडे बघण्याचा कार्यक्रम असतो त्यापेक्षा जास्तच कडक कारभार. हे मला तेव्हाही माहीत करून घेता आलं असतं. माझ्या वर्गात पावरा मुलं होती. मी विचारलं नाही. मी वाचलं.

वाचला तो रायलीचा निबंध.

रायली वसतिगृहात राहायची, माझ्या नववीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर. डोंगरपायथ्याच्या एका गावची. त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं, त्याचं काय झालं तेच सांगायला बसलो आहे. वडील गेमा, पावसावरची थोडी शेती, उरलेले महिने मोहाची फुलं, डिंक आणि आमच्याकडच्या केळीच्या बागांत मजुरी. रायलीच्या घरात मराठी कुणी बोलत नव्हतं. ती मराठी माझ्याकडून शिकली आणि माझ्याच तोंडावर बोलून दाखवायची. तिच्या भाषेत मोठ्या माणसाला वेगळं सर्वनाम नाही, म्हणून ती मला म्हणायची, "सर, तू काल आला नाही." वर्ग हसायचा. मी म्हणायचो, "तुम्ही आला नाहीत." ती म्हणायची, "आम्ही आलो होतो सर, तूच आला नाही." मग मीही हसायचो. इतकी चांगली मुलगी होती.

'माझा आवडता सण' असा निबंध घातला होता. बाकीच्यांनी दिवाळी, पोळा, आखाजी लिहिली. रायलीने भोंगऱ्या लिहिला. दीड पान. अक्षर टपोरं, काना कधी जास्त कधी कमी. त्यात एक ओळ होती: 'ढोल वाजला की आमच्या मुली पळून जातात.' तिला म्हणायचं होतं की ढोल ऐकला की मुली आईचा हात सोडून ढोलाकडे धावतात. धावत जातात, पळत जातात, पळून जातात. नव्याने शिकलेल्या भाषेत हे तिन्ही एकच वाटतात. मराठी माणसाच्या कानाला तिसऱ्याचा अर्थ निराळा लागतो, हे तिला कोण सांगणार? मीच. तेवढ्यासाठी तर मला शाळेने ठेवलं होतं.

त्या ओळीच्या पुढे आणखी एक ओळ होती. तिच्याकडे येतो.

त्या काळात मी जळगावच्या एका दैनिकाचा आमच्या गावचा बातमीदार होतो. कापसाचे भाव, पुलाची उद्घाटनं, सर्पदंश असं पाठवायचो. रविवारच्या पुरवणीत काहीतरी ललित यावं, खाली आपलं नाव असावं, अशी फार इच्छा होती. रायलीची वही तपासून झाली आणि मी दुसरा कागद घेतला. पळस, सातपुड्याची निळी रेघ, बासरी. मग तिची ओळ. गुलालाचं निबंधात काहीच नव्हतं. ते मला बसस्टँडवरच्या चहावाल्याने डोळा मारून सांगितलं होतं. तोही आमच्याच गावचा, भोंगऱ्याला कधी न गेलेला. त्याच्या त्या चावटपणाला मी अलंकार चढवले. पुरवणीने अर्धं पान दिलं.

काय सांगू, किती कौतुक झालं. पहूरहून एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलं, नशिराबादच्या वाचनालयात लेख वाचून दाखवला म्हणून कळलं. वरणगावच्या एका वाचकाने विचारलं, बाजाराचा नेमका दिवस कळवाल का, मित्रमंडळी घेऊन यावं म्हणतो. मी कळवला. पोस्टकार्डावर, सुवाच्य अक्षरात.

पुढच्या फाल्गुनात रायली दहावीला होती. परीक्षेला आठ दिवस होते. गावचा बाजार म्हणून वसतिगृहातून एका दिवसाची सुट्टी घेऊन ती गेली. त्या दिवशी आमच्या गावातून तीन जीप गेल्या. पोरांच्या खिशांत गुलालाच्या पुड्या होत्या. दुपारी नाचाच्या गोलात ते घुसले. मुलींच्या तोंडाला गुलाल फासायचा, आणि हात धरायचा, आणि हसायचं. रायलीने एकाचा हात चावला. तिच्या भावाने त्याला खाली पाडलं. मग मारामारी झाली आणि पोलीस आले.

चौकीत एका पोराने खिशातून माझ्या लेखाचं कात्रण काढून ठेवलं. "आम्ही काही चुकीचं केलं नाही. ही त्यांची रीतच आहे. सरांनी लिहिलंय."

मला बोलावणं आलं. हवालदाराने कात्रण माझ्यापुढे सरकवलं. "सर, तुमचंच ना?" कोपऱ्यात जमिनीवर गेमा आणि त्याचा मुलगा बसले होते. बाकावर ती पोरं बसली होती. रायली दाराबाहेर उभी होती. भांगापासून हनुवटीपर्यंत गुलाल, डोळे तेवढे धुतलेले. एक वाक्य पुरलं असतं. 'हे खोटं आहे, मी रचलं.' मी म्हणालो, "माझंच आहे. पण तो ललित लेख आहे. त्यात थोडं..." आणि हाताने हवेत काहीतरी दाखवलं.

पोरं संध्याकाळी घरी गेली. रायलीच्या भावाला दोन दिवस बसवून ठेवलं. गेमा तिसऱ्या दिवशी वसतिगृहात आला, मुलीची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि तिला घेऊन गेला.

पहिल्या पेपरला माझी पर्यवेक्षणाची पाळी तिच्याच खोलीत लागली. बाकावर खडूने तिचा क्रमांक लिहिलेला होता. अर्धा तास मी दाराकडे बघत होतो. मग नियमाप्रमाणे तिच्या क्रमांकापुढे लाल शाईने 'गैरहजर' लिहिलं. पेपर मराठीचा होता. बाहेरून टेंपो गेला, ढोलावर थाप पडली. माना वर झाल्या. त्या दिवशी मी खाकरलो नाही. बाकी काहीही केलं नाही.

आता ती पुढची ओळ.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावलं की हा भाषेचा घोटाळा होता. मुलीने एक क्रियापद चुकवलं, मास्तराचा गैरसमज झाला. एकदा साहित्याच्या मेळाव्यात 'भाषा आणि गैरसमज' या विषयावर मी बोललोदेखील, आणि टाळ्या घेतल्या. पण रायलीची ती वही माझ्याकडेच राहिली होती. लेख लिहिताना ठेवून घेतली, आणि पुढे परत द्यायचं धाडस झालं नाही. ती माझ्या कपाटात, जुन्या दिवाळी अंकांच्या खाली आहे, हे मला प्रत्येक क्षणी माहीत होतं. प्रवीण गेल्यावर मी ती काढली.

ओळ अशी आहे: 'संध्याकाळी गोडीशेव घेऊन परत येतात.'

आणि त्या ओळीत 'गोडीशेव'भोवती लाल गोल आहे. वर माझ्या अक्षरात दुरुस्ती आहे: 'गोड शेव'.

म्हणजे मी वाचली होती. तिच्यातला शब्द प्रमाण मराठीत बसवण्याइतकी नीट वाचली होती. मुली परत येतात हे मला कळलं होतं. पळून गेलेल्या मुली संध्याकाळी गुळाच्या पाकातली शेव घेऊन आईकडे परत आल्या तर लेख उरत नाही, म्हणून मी त्यांना परत येऊ दिलं नाही. गैरसमज झालाच नव्हता.

मी माफी मागायला लिहितोय असं कुणाला वाटेल. तसं नाही. माफी मागितली की समोरच्यावर ती द्यायचं ओझं पडतं, आणि रायलीने आधीच पुष्कळ वाहिलं आहे.

ती मधे एकदा भेटली होती. बारा-तेरा वर्षांनी, मी मुख्याध्यापक असताना. कडेवर मुलगी घेऊन ऑफिसात आली आणि म्हणाली, "सर, दाखला दे. सतरा नंबरचा फॉर्म भरते." शाळा सुटलेल्यांनी बाहेरून दहावीला बसण्याचा तो फॉर्म. मी दाखला लिहिला. त्यात एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. जुन्या रजिस्टरात मीच लिहिलेलं होतं ते उतरवलं: 'पालकांच्या विनंतीवरून'.

तिने वाचलं. "बाबाची विनंती? बाबा तर रडत होता. विनंती कोणाला केली त्याने?"

"तसंच लिहायची पद्धत आहे."

"खरं लिही ना. जागा आहे."

"नाही लिहिता येत, रायली."

तिने दाखला घडी करून पोलक्यात ठेवला. पहिल्या वेळी गणितात राहिली, दुसऱ्या वेळी पास झाली. अंगणवाडीत लागली. आणि मग पाड्यापाड्यांवर जाऊन शाळा सुटलेल्या पोरी गोळा करायला लागली. घराच्या पडवीत संध्याकाळी त्यांना शिकवायची. दर वर्षी पाच-सहा जणी ऑफिसात यायच्या, दाखले मागायला. सगळ्यांच्या दाखल्यांत कारण तेच. पालकांच्या विनंतीवरून. मी निवृत्त होईपर्यंत सह्या केल्या. डोंगरात त्या मुलींना 'सतरा नंबरवाल्या' म्हणतात. सुरुवातीला टोमणा होता. आता त्या स्वतःच तसं सांगतात.

पत्रक आणि वही घेऊन मी रायलीकडे गेलो. त्या आधी दैनिकाला फोन केला होता, जुन्या लेखाची दुरुस्ती छापा म्हणून. पलीकडे कुणी तरुण मुलगी होती, फार नम्र. "सर, तीस वर्षांपूर्वीच्या लेखाची दुरुस्ती कशी छापणार? त्यापेक्षा भोंगऱ्यावर नवीन काहीतरी द्या ना. छान, आठवणींचं."

रायलीच्या अंगणात महू, म्हणजे आपला मोह, फुलायला लागला होता. जमिनीवर पहिली चार-दोन फुलं, पिवळट, ओलसर, त्यांचा तो गोड आंबूस वास. पडवीत बाया बसल्या होत्या, पुढ्यात एकाच हिरव्या कापडाचे तागे. शिवणयंत्र चालू होतं.

"सर, तू म्हातारा झाला," रायली म्हणाली.

"झालो."

"बस. पाणी पी. मग सांग, काय खोटं सांगायला आला."

बाया हसल्या. मी पत्रक काढलं. तिने हात पुढे केला नाही. "पाहिलंय. माझ्या पोरीने मोबाइलवर पाठवलं. धुळ्याला नर्सिंगला आहे ना ती. तिने खाली लिहिलं, आई, तुझा सर अजून आहे का?"

मी म्हणालो, मी जाणार नाही. प्रवीणला स्पष्ट नकार कळवतो, आणि लेखी माफी...

"तू नाही गेला तर दुसरा पाहुणा येईल. तो तुझंच वाचून दाखवेल. मग काय फायदा?" तिने दोरा दाताने तोडला. "दर वर्षी आम्ही बाजाराच्या तोंडाशी उभ्या राहतो सर, सगळ्या एका रंगात. पूर्वी हौस होती, आता पहारा आहे. मोबाइल घेऊन येणाऱ्यांना सांगतो, विचारून फोटो काढ. तर ते आम्हालाच सांगतात, बाई, तुम्हाला तुमची संस्कृती माहीत नाही, पेपरात छापून आलेलं आहे. माझ्या सतरा नंबरवाल्यांपैकी चार जणींच्या बापांनी यंदा सांगितलंय, महोत्सवात काही कमीजास्त झालं तर पोरगी पेपरला पाठवणार नाही. तुझी माफी घेऊन मी त्या चौघांकडे जाऊ का?"

मी पिशवीतून वही काढून तिच्यापुढे ठेवली.

तिने वहीवरचं नाव वाचलं. यंत्र थांबलं. तिने पानं उलटली, तो निबंध काढला, ओठ हलवत हळूहळू वाचला. दुसऱ्या पानावर थांबली. बोट लाल गोलावर होतं. मला वाटलं आता ती बोलेल, आणि जे बोलेल ते ऐकायलाच मी आलो होतो.

"गोड शेव?" ती म्हणाली. "गोड शेव काय असतं? गोडीशेव असते ती. तू कुठून आला रे सर, पुण्याहून?"

मी धुळे जिल्ह्यातल्या खेड्यात जन्मलो. गोडीशेव खातच वाढलो. तसं सांगितलं.

"मग कापलं कशाला?" आता ती हसत नव्हती. "वाचलं होतं तू. कापायला तरी वाचलंच ना."

"वाचलं होतं."

पडवीतल्या बायांना मराठी थोडंच कळत होतं, पण त्यांना काहीतरी कळलं. कुणी कात्री खाली ठेवली. रायलीने वही बंद करून मांडीवर घेतली. "तू जा तिथे. शाल घे. नारळ घे. माईक हातात आला की आधी तुझं वाच, मग माझं वाच. दोन्ही ओळी. मी बाजूला उभी राहून आमच्या भाषेत सांगेन. वही त्या दिवशी देते. आज माझ्याजवळ राहू दे."

रायलीच्या गावच्या बाजाराचा दिवस. प्रवीणने खरंच मोठं स्टेज घातलं होतं, आणि मागे स्टेजच्या रुंदीचं फ्लेक्स, 'प्रेमाचा बाजार' असं लाल अक्षरात. समोर खजुराचे ढीग, फुटाण्यांच्या भट्ट्या, कढईतून निघणारी गोडीशेव, मातीचा धुरळा, आणि सगळ्यावरून बारा-पंधरा ढोलांचा एकमेकांत मिसळलेला आवाज. वाटेच्या दोन्ही बाजूंना हिरव्या रंगातल्या बाया. मला त्यांच्यामधून जावं लागलं. एकीने माझ्या टोपीकडे बघून दुसरीला काही सांगितलं आणि दोघी हसल्या.

शाल घेतली, खुर्चीवर ठेवली. माईक हातात आला. रायली हिरव्या कपड्यांत वर चढली. प्रवीणला वाटलं ती माझा सत्कार करणार आहे, त्याने टाळ्या वाजवल्या.

मी पत्रकावरची दोन वाक्यं वाचली. रायलीने ती पावरी भाषेत सांगितली. मागून एक हसू फुटलं आणि ते पुढे पुढे येत गेलं. खजुराच्या ढिगामागून एका म्हातारीने ओरडून काहीतरी विचारलं, आणि बाजाराने पोट धरलं. रायलीने माईकजवळ तोंड आणून मराठीत सांगितलं, "आजी विचारते, गुलाल लावला म्हणजे होकार, तर हा सर आजवर किती होळ्यांत किती जणांना होकार देऊन बसला?"

मीही हसलो असतो, पण मला पुढचं बोलायचं होतं. सांगितलं. गुलालाचं मी रचलं. चौकीत मला विचारलं तेव्हा मी खरं बोललो नाही. त्यामुळे ही मुलगी परीक्षेला बसू शकली नाही, आणि तिच्या दाखल्यावर मी लिहिलं की बापाची विनंती होती.

रायलीने हे सगळं सांगितलं, एकाच सुरात, थांबत थांबत. या वेळी कुणी हसलं नाही. प्रवीण लगबगीने आला. "सर, टाइम व्हई राह्यना, कलेक्टर ऑफिसनी मंडळी..."

"प्रवीण, खाली बस."

तो बसला. माझ्या आवाजाला एवढा एक उपयोग उरला आहे.

मग मी रायलीने पुढे केलेली वही उघडली आणि तिच्या दोन्ही ओळी वाचल्या. दुसरी वाचताना 'गोडीशेव' म्हणालो. रायलीने मला अडवलं, "पुन्हा वाच," आणि मी पुन्हा वाचली. तिने भाषांतर केलं नाही. गरज नव्हती. गोडीशेव सगळ्यांना कळली.

खाली उतरलो तेव्हा हिरव्या बाया फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत होत्या. प्रवीण धावला. "अक्का, ते नवंकोरं शे!"

"म्हणून तर," रायली म्हणाली. "फाटकं कोण अंथरतं?"

फ्लेक्स उलटं करून जमिनीवर घातलं. पांढरी बाजू वर. मिरच्या घेऊन उन्हात मातीत बसलेल्या बायांनी आपले ढीग त्यावर सरकवून घेतले. प्रेमाचा बाजार खाली गेला आणि वर बाजार भरला.

ढोल पुन्हा सुरू झाले. रायलीच्या सतरा नंबरवाल्या माझ्याजवळच उभ्या होत्या. एकीच्या हातात भूमितीचं पुस्तक होतं, दोन दिवसांवर पेपर. पहिली थाप पडली, पुस्तक माझ्या हातात आलं आणि पोरी पळून गेल्या. मी बघत होतो. पळून गेल्या, याला दुसरं क्रियापद नाही. रायलीने तीस वर्षांपूर्वी बरोबरच लिहिलं होतं.

त्या चार बापांपैकी तिघे रायलीशी बोलत उभे होते. चौथा आलाच नव्हता. रायली म्हणाली, उद्या त्याच्या घरी जाईन, वही घेऊन. मग माझ्याकडे वळली. "आणि तू पण ये. तुला चढवेल का तेवढं?"

"चढवेल."

ऊन कललं, धुरळा सोनेरी झाला, टेंपोवाले हाका मारायला लागले. पोरी परत आल्या. घामेजलेल्या, बोटं चिकट, कागदाच्या पुड्या हातात. रायलीने कमरेवर हात ठेवून विचारलं, "प्रमेय कोण म्हणणार?" एकीने तोंडात घास असतानाच म्हणायला सुरुवात केली.

दैनिकातल्या त्या नम्र मुलीला हवं होतं ते नवीन, छान, आठवणींचं, हे घ्या. संपादकांना एकच सांगणं आहे. जागा कमी पडली तर माझं यातलं काहीही कापा. ऊन कापा, महू कापा, मला कापा. खालच्या दोन ओळी इयत्ता नववीतल्या रायलीच्या आहेत. त्यांतली एकही गाळायची नाही, आणि दुसरीतला एकही शब्द दुरुस्त करायचा नाही.

ढोल वाजला की आमच्या मुली पळून जातात.
संध्याकाळी गोडीशेव घेऊन परत येतात.